ओळंब्याची दोरी

आमच्या ह्यायले डावा डोळा मिटून पाहायची सवय होती. कुठं सरळ रेघ दिसली की डावा डोळा बंद, मान जराशी खाली, अन् उजव्या डोळ्यानं ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर. मग ती दाराची चौकट असो नाहीतर पंगतीतल्या पत्रावळींची रांग. लग्नाआधी मले पाहायले आले तेव्हा माझ्यामागं भिंतीवर तीन तसबिरी टांगल्या होत्या. ह्यायनं चहाचा कप हातात घेतला अन् डोळा मिटला. माझ्या मावशीनं मले ओढत आत नेलं, म्हणे, "शारदे, पोट्टा तर डोळा मारून राहिला वं!" अख्खं घर हसलं. लग्न झाल्यावर समजलं की हे माझ्याकडं पाहतच नव्हते, मधली तसबीर तिरपी लागली होती तिच्याकडं पाहून राहिले होते. चाळीस वर्षं मी ह्यावरून त्यायले चिडवलं. आता नाही चिडवत. सगळं पाप त्या मिटलेल्या डोळ्यातच दडून बसलं होतं, पण ते पुढं येईल.

ह्यायचं नाव नरहर खिरवडकर. सासरे रेल्वेत होते, वर्ध्याकडून रायपूरले आले अन् तात्यापारा मोहल्ल्यात भाड्याच्या दोन खोल्यांत जन्म काढला. हे सरकारी ऑफिसात ट्रेसर म्हणून लागले. साहेबानं पेन्सिलीनं नकाशा काढायचा, अन् ट्रेसरनं त्याच्यावर कापड पसरून शाईनं रेघा ओढायच्या. जन्मभर रेघा अन् दिवसाले दोन बंडल बिड्या, दुसरं काही व्यसन नाही. दोन हजार साली छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं. भोपाळहून साहेब लोकायचे ट्रकच्या ट्रक सामान आलं. त्यायले बंगले पाहिजे, ऑफिसं पाहिजे, रुंद रस्ते पाहिजे. हे रविवारीही ऑफिसात. मग कॉम्प्युटर आले, नवीन पोट्टे आले. पण मशीनमधून निघालेला नकाशा साहेब पहिले ह्यायच्या टेबलावर टाकत, "खिरवडकरजी, एक नज़र मार लो." हे डावा डोळा मिटत अन् सांगत, बरोबर की चूक. कधी चुकले नाहीत. ना मोठा पगार, ना मोठं नाव, माणसाजवळ एवढा एकच मान होता. तोच घरी आणून मी पोळीसोबत वाढत होती म्हणा न.

रिटायर झाले अन् घराचं खूळ डोक्यात बसलं. नव्या राजधानीकडं रस्ता जातो त्या अंगाले प्लॉट घेऊन ठेवला होता. घराचा नकाशा ह्यायनं हातानं काढला. मिस्त्री म्हणून हिरालाल भेटला. बुटका, सुकलेला, बोलणं मोजून, गळ्यात कबीरपंथी लोकायची कंठी. हे रोज सकाळी तात्यापाऱ्यातून सिटी बसनं जात अन् प्लॉटवर खुर्ची टाकून बसत. दुपारी मी डबा घेऊन जाई.

खुणा तेव्हाच दिसून राहिल्या होत्या. पण पाहायले फुरसत कोणाले? शेजारची कलावतीबाई एक दिवस तोंड फुगवून आली. "तुमचे नरहरभाऊ समोरून आले, मी हसली, अन् हे माझ्या तोंडावरून सरळ निघून गेले. घर बांधून राहिले म्हणून एवढा ताठा?" मी ह्यायले झापलं. हे म्हणे, "बाई दिसली मले. तोंड नाही समजलं कोणाचं आहे ते." मी म्हटलं, वा रे वा, साडी दिसते अन् तोंड दिसत नाही! शंभरचा बल्ब लावला तरी ह्यायले उजेड कमी पडे. उन्हातून घरात आले की उंबऱ्यावरच उभे, पाच-पाच मिनिटं, आतलं काही दिसत नाही म्हणून. पेपर वाचताना म्हणत, शब्दाच्या मधलं अक्षर छापायले विसरतात हे लोकं. चौकातल्या दुकानात दोनदा चष्म्याची काच बदलली. मी मोठी शहाणी, मी निदान करून टाकलं, "मोतीबिंदू आहे. पिकू द्या, मग काढू." आमच्याकडं मोतीबिंदू म्हणजे आंबा, पिकल्याशिवाय कोणी हात लावत नाही.

दिवाळी झाली. समोरच्या खोलीची भिंत छातीच्या वर आली होती. मी डबा घेऊन पोहोचली तर हे खुर्चीच्या समोर उभे, डावा डोळा मिटलेला.

"हिरालाल, भिंत वाकडी आहे. मधात पोट निघालं."

हिरालालनं साहुल काढला. साहुल म्हणजे आपला ओळंबा, दोरीले बांधलेला लोखंडाचा लट्टू. भिंतीच्या वरून सोडला, लट्टू थांबू दिला. म्हणे, "देखव बाबूजी, सोझ हे." सरळ आहे.

हे जवळ गेले. डोळा मिटून पाहिलं. उघडून पाहिलं. पुन्हा मिटला. अन् म्हणाले, "तुझी दोरीच वाकडी आहे."

हिरालालच्या हाताखाली विटा देणाऱ्या दोन बाया फिसकन हसल्या. हिरालाल नाही हसला. त्यानं एकदा दोरीकडं पाहिलं, एकदा ह्यायच्या तोंडाकडं. मग लट्टू हातात घेतला अन् हळूच म्हणे, "बाबूजी, तुँहर आँखी ला डॉक्टर ला देखवा लव." डोळे डॉक्टरले दाखवून घ्या.

आता तुम्हीच सांगा. वजन बांधलेली दोरी कधी वाकडी लटकते का? पहिलीतल्या लेकराले विचारा, तेही सांगेल. पण माझ्या डोक्यात एकच घुसलं, की ह्या गवंड्यानं माझ्या माणसाचा डोळा काढला. चार लोकायसमोर काढला. मी डबा विटांवर ठेवला, पदर खोचला अन् सुटली.

"तू कोण रे सांगणारा? साहेब लोकं ह्यायले नकाशे दाखवत होते! चाळीस वर्षांत ह्यायचा डोळा एकदा चुकला नाही, अन् चुकणारही नाही! सकाळी सकाळी ढोसून येतो, भिंती वाकड्या करतो, अन् वरून डॉक्टर दाखवतो?"

तो म्हणे, "बाईजी, मैं पीता नहीं. ये कंठी है."

"कंठी घालून पिणारे पाहिले मी!"

हे मी म्हटलं. ह्याच तोंडानं म्हटलं. त्या माणसानं ना वाद घातला, ना शिवी दिली. करणी-थापी धुतली, सूत गुंडाळलं, साहुल थैलीत टाकला अन् निघाला. हे बाजूले उभे होते. तोंड जरासं उघडलं होतं, मग मिटलं. मले वाटलं, माझं बोलणं पटलं त्यायले. चोर सोडून संन्याशाले फाशी दिली मी, अन् डबा उघडून ह्यायले भाजी वाढली.

दुसरा मिस्त्री आणला. तो पक्का हाजी-हाजी करणारा. "जैसा बोलो बाबूजी." हिरालालची भिंत पाडली अन् नवी उचलली. हे म्हणत, बाहेर घे, तो घे बाहेर. हे म्हणत, आता आत, तो घे आत. दोन दिवस हेच चाललं. शेवटी संध्याकाळी हे म्हणाले, "झालं. आता सरळ आहे." आवाजात काही दम नव्हता. मी समजली थकले असतील, दिवसभर उन्हात बसतात.

माघात वास्तुशांत केली. पाहुणे आले, मांडव घातला, नीलेश, आमचा पोरगा, सुनेसोबत फोटो काढून राहिला होता. गुरुजींनी तुपाची वाटी समोर ठेवली अन् ह्यायले म्हणाले, "यजमान, यात तोंड पाहा." हे वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

"दिसलं?"

"नाही."

"नीट पाहा, तूप हलवू नका."

"वाटीची कड दिसते. वरचा मांडव दिसते. मधात मी नाही."

मग मागं कुजबुज सुरू झाली. ज्याले तुपात तोंड दिसत नाही तो वर्ष काढत नाही, असं माझ्या चुलत सासूनं कोणाच्या तरी कानात सांगितलं, अन् ते सगळ्यायच्या कानात गेलं. गुरुजी बिचारे म्हणत होते, "अहो, नजरेचा दोष असेल, दाखवून घ्या." पण त्यायचं कोण ऐकते? मी मृत्युंजयाचा जप लावला. चाळीस दिवस. हे समोर बसत, मी दिव्यात तेल घालत जाई अन् हात जोडून म्हणत जाई, देवा, ह्यायले राहू दे. मरणाले भ्याली हो मी! आंधळेपण मले सुचलंच नाही. ज्या दिवसांत ऑटो करून डोळ्याच्या दवाखान्यात पळायचं होतं, ते दिवस मी कापूर जाळत काढले. देवानं ऐकलं म्हणा. हे राहिले.

होळीनंतर एक दिवस ह्यायनं चहा बशीत ओतला. बशीत नाही, चटईवर ओतला. अन् तिथंच बसून राहिले, कप हातात धरून. म्हणे, "शारदा, मधात काळं आलं." तेव्हा मी चप्पल घातली.

डॉक्टरीण तरुण होती, नीलेशपेक्षाही लहान असेल. तिनं हातात एक कार्ड दिलं. चौकटीचं, वहीच्या पानासारखं, मधात एक ठिपका. उजवा डोळा झाकला अन् विचारलं, ठिपका दिसतो का? ह्यायनं डाव्या डोळ्यानं पाहिलं. म्हणे, "कौनसा ठिपका? मधात तर कागदच नाही." मग डावा झाकला. उजव्या डोळ्यानं पाहून म्हणे, "किसने बनाया ये? सगळ्या रेघा वाकड्या. मधात डाग पाडला." छापील कार्ड होतं ते.

तिनं डोळ्याची बाहुली मोठी करायचं औषध टाकलं, आत पाहिलं, मशीनवर फोटो काढले अन् आम्हाले समोर बसवून नीट समजावलं. डोळ्याच्या आत पडदा असते. त्याचा मधला, तांदळाएवढा भाग असते, त्यानंच आपण वाचतो, त्यानंच तोंड ओळखतो. म्हातारपणात तो झिजते. बिडी पिणाऱ्यायचा जास्त. काही लोकायचा सावकाश वाळत जाते, वर्षानुवर्षं. काही लोकायच्या पडद्याखाली नाजूक नसा उगवतात अन् झिरपतात, पाणी-रक्त साचते, पडदा उचलला जाते. म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते. मग तिथं वण पडते अन् मधलं सगळं पुसलं जाते. कडेचं राहते. मोतीबिंदूचं ह्याच्यात काही नाही. डाव्या डोळ्यात जुना वण होता, चार-पाच वर्षांचा तरी.

"इतने साल पता नहीं चला?" तिनं विचारलं.

कसं कळणार? एक डोळा चांगला असला की दुसऱ्याचं कोणाले कळत नाही, म्हणे. दोन्ही उघडे असले तर चांगला डोळा सांभाळून घेते. अन् बारीक काम करताना हे डावा मिटूनच घेत. ज्या डोळ्याले कधी कामाले लावलंच नाही, तो कधी मेला हे कोण विचारणार?

मग तिनं उजव्याचं विचारलं. सरळ वस्तू पहिल्यांदा वाकडी कधी दिसली?

हे खाली पाहत म्हणाले, "दिवाली के बाद. एक डोरी."

डॉक्टरीण म्हणे, तेव्हाच आले असते तर! आता डोळ्यात द्यायचं इंजेक्शन निघालं आहे, लवकर दिलं तर पुष्कळदा नजर वाचते. आता देऊ, पण वण पडून गेला, जास्त आशा ठेवू नका. तीन महिन्यांत तीन इंजेक्शनं दिली. झिरपणं थांबलं. वण तिथंच राहिला. दैव देतं अन् कर्म नेतं म्हणतात न, तसं. इंजेक्शन ह्याच गावात होतं, डोळाही चार महिन्यांआधी ह्याच गावात होता. मधात माझी जीभ होती.

त्यानंतरचं जगणं काय सांगू. धड आंधळे नाहीत म्हणून कोणी आंधळं मानत नाही. कडेचं दिसते म्हणून घरात कुठं धडकत नाहीत, फरशीवर पडलेलं बटन उचलून देतात. अन् समोर बसलेल्या पोराले विचारतात, कोण आहे? एक दिवस नीलेश मले बाजूले घेऊन म्हणे, "माँ, बाबा नाटक तो नहीं कर रहे? बटन दिखता है, मैं नहीं दिखता?" हात उचलला होता मी त्याच्यावर. मग आठवलं, साडी दिसते अन् तोंड दिसत नाही म्हणून आपणच दात काढले होते. हात खाली आला. नात सोनिया सहा वर्षांची. ती रुसून म्हणे, "दादाजी मुझे देखते ही नहीं, खिड़की को देखते हैं." पोरीचं तोंड थोडंफार दिसावं म्हणूनच हे खिडकीकडं पाहतात, सरळ पाहिलं तर ती पुसली जाते. हे सहा वर्षांच्या लेकराले कसं सांगू? मी तिले म्हटलं, दादाजी खिडकीकडं पाहतात न, तेव्हा समज तुलेच पाहून राहिले. ती म्हणे, "झूठ."

पुढच्या दिवाळीले नीलेशनं लोखंडी कपाट आणलं. समोरच्या खोलीत भिंतीले लावायले गेले तर लागेना. वर टेकवलं तर खाली तीन बोटं फट, खाली टेकवायले गेलं तर कपाटच तिरपं. हमाल म्हणे, "कपाट ठीक है माताजी, दीवार टेढ़ी है." हे पलंगावर बसून ऐकून राहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चावडीवर गेली. जिथं रोजीचे मजूर, मिस्त्री कामाची वाट पाहत उभे राहतात तिथं. चार दिवस गेली तेव्हा हिरालाल दिसला. माफी मागायले तोंड उघडलं अन् त्या गर्दीत भोकाड पसरलं मी. तो घाबरला. चहाच्या टपरीवर बसवलं मले, पाणी दिलं. ह्यायच्या डोळ्याचं ऐकून घेतलं. मग म्हणे, "मोर ददा घलो मिस्त्री रिहिस. ओहू ला साहुल टेड़गा दिखिस. हमन हाँस देन." त्याचा बापही गवंडी. त्यालेही एक दिवस ओळंबा वाकडा दिसला, अन् हे पोरं हसले. सहा महिन्यांत बापाची नजर गेली, काम सुटून घरी बसला. म्हणून त्या दिवशी हिरालाल हसला नव्हता. जे ह्या शिकलेल्या घरात कोणाले समजलं नाही, ते त्याले तिथंच, त्या घडीले समजलं होतं.

तो घरी आला. ह्यायनं आवाजावरून ओळखलं. उठून त्याचे दोन्ही हात धरले अन् म्हणाले, "साहुल आणला का?"

हिरालालनं त्या भिंतीवरून ओळंबा सोडला. हे भिंतीजवळ गेले. डावा डोळा मिटला. सवय कुठं जाते? मग स्वतःच जरासे हसले, डोळा उघडला अन् हातानं दोरी धरली. दोन बोटांत धरून वरून खाली सरकवत नेली, लट्टूपर्यंत. मग दुसरा हात भिंतीवर ठेवला अन् दोरी अन् भिंत ह्यातली फट बोटांनी मोजली. वर काही नाही, मधात एक बोट, खाली तीन.

"तुझी भिंत सरळ होती हिरालाल."

"तोड़ के बना देथौं बाबूजी," हिरालाल म्हणे. पाडून बांधून देतो.

"राहू दे."

मले राहवलं नाही. मी म्हटलं, "तुम्हाले काय माहीत होतं तेव्हा? तुम्हाले जसं दिसलं तसं तुम्ही बोलले. चूक माझी."

ह्यायनं तोंड खिडकीकडं केलं. म्हणजे माझ्याकडं पाहिलं.

"माहीत होतं शारदा. वजनाची दोरी वाकडी होत नाही, हे काय ट्रेसरले शिकवावं लागते? 'दोरीच वाकडी आहे' हे तोंडातून निघालं अन् त्याच घडीले मले समजलं, की डोळा आहे."

"मग बोलले काहून नाही? त्याच दिवशी गेलो असतो न आपण!"

"बोलणारच होतो. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तू ओरडली, ह्यायचा डोळा कधी चुकला नाही अन् चुकणारही नाही. चार लोकायसमोर म्हटलं तू. मग मी कोणत्या तोंडानं म्हणू, की चुकला?"

रागानं नाही म्हटलं त्यायनं. रागानं म्हटलं असतं तर मी भांडली असती, भांडण मले येते. हिरालाल मान खाली घालून दोरी गुंडाळत होता. लग्नाले एकेचाळीस वर्षं झाली होती, अन् पहिल्यांदा वाटलं, त्या दिवशी त्या प्लॉटवर माझी जीभ झडून पडली असती तर बरं झालं असतं.